हाताला मोठी पडणारी ग्रिप: नवं पिस्तूल घ्यावं की हीच मूठ कोरून घ्यावी?

ऐरोली_सेक्टर८:

नमस्कार मंडळी. मी १० मीटर एअर पिस्तूल खेळते. नोकरी वाशीला, सराव संध्याकाळी, पत्र्याच्या शेडमधल्या एका रेंजवर. आतापर्यंत क्लबच्या पिस्तुलावर भागवलं, यंदा स्वतःचं घेतलं. सेकंडहँड आहे, ऑस्ट्रियन बनावटीचं, मेकॅनिकल ट्रिगर, अक्रोडाची उजव्या हाताची मीडियम ग्रिप. ज्यांच्याकडून घेतलं ते उंच, दणकट गृहस्थ. माझा हात लहान आहे, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६.५ सेंटीमीटर.

अडचण अशी की ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक पोचतं. पेरं नीट बसवायचं म्हटलं की अख्खा हात उजवीकडे सरकवावा लागतो, मग तळव्याच्या मधोमध पोकळी राहते आणि सगळा भार अंगठ्याच्या बुडावर येतो. पहिले वीसेक शॉट बरे जातात. पुढे डावीकडे, घड्याळातल्या नवाच्या दिशेला, ८ आणि कधी ७ पडायला लागतात. शेवटच्या सीरिजपर्यंत (दहा शॉटची एक सीरिज) अंगठ्याखाली ठणका लागतो. घामाने ग्रिप निसटते ती वेगळीच.

रेंजवर प्रत्येकाचं मत निराळं. एक जण म्हणतात विकून टाका आणि स्मॉल ग्रिपचं नवं घ्या. दुसरे म्हणतात हाताचं माप देऊन जर्मनीहून ग्रिप मागवा. आमच्या सोसायटीत काम करणारा सुतार तर म्हणाला, "ताई, रंधा मारून देतो." त्याच्या हाती द्यायला धीर झाला नाही. राज्य स्पर्धा तोंडावर आहे, त्यामुळे नियमात न बसणारं काही करून बसायचं नाही. कोणी स्वतः ग्रिप बदलून घेतली आहे का? सुरुवात कुठून करू?

---

साठशॉट_नौपाडा:

पिस्तूल विकू नका. घेताना-विकताना पैसे जातात आणि नव्या पिस्तुलावर हात बसायला पुन्हा हंगाम जातो. तुमचं मॉडेल स्टायरचं एलपी १० असेल तर त्याची स्मॉल ग्रिप सुटी मिळते. मोरिनी या स्विस कंपनीच्याही ग्रिप एक्सएस, एस, एम, एल अशा मापांत येतात, पण एका कंपनीची ग्रिप दुसरीच्या फ्रेमवर बसत नाही, हे मागवण्याआधी बघा. जर्मनीत रिंक आणि निल हे दोघं जुने ग्रिपवाले आहेत, हाताची बाह्यरेषा कागदावर काढून पाठवली की त्यावरून ग्रिप करतात. काम उत्तम असतं. कस्टम ड्यूटी आणि थांबायची तयारी मात्र हवी.

एक विषयाबाहेरचं, पण सेकंडहँड आहे म्हणून सांगतो. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती आजच बघा. २०० बारच्या दाबाचं भांडं आहे ते, बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपली असेल तर ग्रिपआधी सिलिंडर.

आणि कोणी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्या म्हणालं तर घाई नको. छान असतो, पण टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाचा वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती १२वी राहिली. मेकॅनिकल ट्रिगर घरच्या घरी साफ करता येतो.

---

पॅटर्नमेकर_वागळे:

ताई, वरचा सल्ला चांगला आहे, तरी माझं मत जरा वेगळं. स्मॉल ग्रिप मागवली तरी ती कुठल्या तरी सरासरी लहान हातासाठी केलेली असणार, तुमच्या नव्हे. कोरावी तीही लागेलच. मग हातात आहे तिच्यावरच काम का करू नये? मोठी मूठ लहान करता येते. लहान मुठीला नुसता भराव घालत बसावं लागतं.

माझी ओळख सांगतो म्हणजे मी हे कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. वागळे इस्टेटमध्ये फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून काढतात ते नमुने, करण्यात माझी नोकरी गेली. पंपाचं हाउसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, इंपेलर. बिडाची वस्तू ओतल्यावर मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आक्रसते, म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो. लाकूड कुठे ठेवायचं आणि कुठे काढायचं हा हिशोब हातात मुरला तो तिथे. भाची पिस्तूल खेळायला लागली आणि तिची ग्रिप माझ्या बाकावर आली. त्यानंतर ठाणे, कळवा, पनवेलकडची पोरं येत राहिली.

आधी लाकडाला हातसुद्धा लावू नका. ॲलन की घ्या आणि ट्रिगरचं पातं मागे घ्या. मॅच पिस्तुलात ते पट्टीवर पुढे-मागे सरकतं आणि थोडं वळवताही येतं. आधीचे मालक उंच होते म्हणालात, म्हणजे पातं त्यांच्या बोटापाशी, पार पुढे लावलेलं असणार. ते सगळं मागे आणून मग बघा किती कमी पडतंय. माझ्याकडे आलेल्या कित्येक पोरांचं निम्मं दुखणं इथेच मिटलं. बोटाच्या पहिल्या पेराचा फुगीर भाग पात्यावर यायला हवा, आणि ते बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टोकाने दाबलं की उजव्या हाताच्या नेमबाजाचं पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. तुमचे नवाच्या दिशेचे ८ बहुधा त्यातलेच. खात्री करायची असेल तर समोर कोरा पांढरा कागद लावा, गोळी न घालता ड्राय फायर करा आणि ट्रिगर सुटतो त्या क्षणी फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची साइट, कुठे उडी मारतंय ते बघा. टार्गेटचा काळा गोल समोर नसला की डोळा साइटवर राहतो आणि खरं काय ते दिसतं.

आता लाकूड. ग्रिप पिस्तुलावरून काढा. तिचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये दोन भागांचा साचा काढून ठेवा. हे कोणी करत नाही, मी मात्र साच्याशिवाय कानस उचलत नाही. काढलेलं लाकूड परत येत नाही, आणि दोन महिन्यांनी "आधी बरं होतं" असं वाटलं तर साच्यावरून मूळ आकार पुन्हा भरता येतो.

दाब कुठे येतो ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. शिंप्याकडच्या निळ्या खडूची पूड करा, ग्रिपवर हलक्या ब्रशने लावा, हात कोरडा करून नेहमीसारखी पकड घ्या, उचला, नेम धरा, खाली ठेवा आणि तळवा बघा. गडद डाग पडला तिथे लाकूड जास्त आहे. काहीच लागलं नाही तिथे पोकळी. हे सरावाच्या शेवटी करायचं, सुरुवातीला नाही. आपल्याकडे ही गोष्ट फार मोठी आहे. ठाण्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली चाळीस-पन्नास शॉट झाले की हात सुजतो, घामाने मऊ पडतो. सकाळच्या गार हातावर घट्ट बसवलेली मूठ संध्याकाळी चावते. जर्मनीच्या कारागिराला तुमच्या हाताचा कागदावरचा नकाशा मिळेल, दमलेला हात मिळणार नाही. मी पोरांना सराव संपवून तसंच यायला सांगतो, हात न धुता. उजव्या हातात अंगठी असेल तर सरावाआधी काढत जा, सुजेबरोबर तिचाही दाब बदलतो.

तुमच्या वर्णनावरून दोन ठिकाणी लाकूड जास्त आहे. एक, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, मूठ मागून जिथे हाताला टेकते तिथे. तिथलं काढलं की अख्खा हात पुढे जातो आणि ट्रिगर जवळ येतो. दुसरं, अंगठ्याच्या बुडाशी. दोन्हीकडे ८०च्या सँडपेपरने सुरुवात, मग १२०, आणि दर थोड्या वेळाने खडू लावून तपासणी. धारदार हत्यार नको. कानस गोल घ्या, चपटी नको, चपट्या कानशीने कड उमटते आणि ती कड साठ शॉटमध्ये हाताला कापते. आत फ्रेमसाठी पोकळी आणि स्क्रूचं भोक असतं, ते कुठवर आलंय हे उजेडाकडे धरून आधी बघून घ्या, नाहीतर बाहेरून कोरताना भिंत पातळ होईल.

भराव तळव्याच्या पोकळीत. पण थेट एपॉक्सी लावू नका. लहान मुलांची रंगीत क्ले मिळते ना, तिचा गोळा लावून काही दिवस खेळा. दाबून, काढून, पुन्हा लावून आकार मनासारखा झाला की मग एम-सील. लाकूड ६०च्या कागदाने खरबरीत करा, थिनरच्या फडक्याने पुसा, एम-सील लावा, वर पातळ प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर टाल्कम पावडर, मग पकड घ्या. पिस्तूल उचलून नेमाच्या स्थितीतच पकडायचं, टेबलावर बसून नाही. खांदा वर गेला की मनगट आणि तळवा वेगळा बसतो. एम-सील कडक व्हायला लागण्याआधी पकड सोडा, आणि घासायचं ते दुसऱ्या दिवशी.

पकडीचा जोर कुठून येतो हेही सांगून ठेवतो, कारण त्यावर आकार ठरतो. मधलं बोट आणि अनामिका सरळ मागे ओढतात, समोरून तळवा त्यांना उत्तर देतो. करंगळी नुसती सोबत. अंगठा विसावलेला, दाबणारा नाही. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना आपण जितका जोर लावतो तितकाच. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खालच्या लाकडाला प्रत्येक वेळी त्याच जागी टेकलं की हाताची उंची आपोआप ठरते. म्हणून बोटांच्या खाचांना उगाच हात लावू नका. त्या तुमच्या बोटांपेक्षा रुंद असतील तर फक्त उंचवटे उतरवा.

तळहाताखालची फळी, पाम शेल्फ म्हणतात ती, पोरं आवळून ठेवतात. मी सराव संपल्यावरच्या हाताला ती लागेल इतकी वर घेतो आणि मग किंचित खाली सोडतो. हात तिच्यावर टेकायला हवा, तिच्यात अडकायला नको.

हे सगळं झाल्यावर डोळे मिटा, पिस्तूल उचला, श्वास सोडा, डोळे उघडा. फोरसाइट मागच्या साइटच्या खाचेच्या खाली बुडालं असेल किंवा वर आलं असेल तर ग्रिपचा कोन बदलायचा. तुमच्या पिस्तुलात त्यासाठी स्क्रू आहेत, लाकूड काढायची गरज नाही. मागची साइट फिरवून हा दोष झाकू नका. साइट गोळीसाठी असते, मूठ मनगटासाठी.

लाकडाबद्दल कोणी विचारेल म्हणून. अक्रोड ग्रिपला चांगलं कारण कोरताना ढलप्या निघत नाहीत आणि वजन बेताचं असतं. मी शिवणीच्याही ग्रिप केल्यात, हलकी, हवामानाने फार हलत नाही, बारा-तेरा वर्षांच्या पोरांसाठी मला तीच आवडते. शिसव देखणं पण जड. सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळे एपॉक्सी सुटू शकते, चिकटवण्याआधी थिनरने दोनदा पुसावं लागतं. शिसव आणि साग, दोन्हीची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावूनच घासा.

आणि हो, तुमचा सुतार हुशार असेल, पण रंधा नको. रंधा सपाटीसाठी असतो. या कामात सपाट असं काही नसतं.

---

ऐरोली_सेक्टर८:

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ट्रिगरचं पातं खरंच पुढच्या टोकाला होतं. मागे घेतलं, आता पेराचा अर्धा भाग बसतो. पांढऱ्या कागदावर ड्राय फायर करून बघितलं. बोट मुद्दाम टोकावर ठेवलं की फोरसाइट डावीकडे उडी मारतं, अर्ध्या पेरावर बरंच शांत राहतं. तुमचं निदान बरोबर ठरलं.

सिलिंडरची तारीख बघितली, अजून बाकी आहे.

खडूही लावून बघितला, सराव संपल्यावर. अंगठ्याच्या बुडाशी निळा ठिपका आणि तळव्याच्या मध्यभागी रुपयाएवढी जागा एकदम स्वच्छ. आता दोन प्रश्न. बेचक्यातलं लाकूड काढलं की हात वर जाणार, मग पाम शेल्फ आणखी वर घ्यावी लागेल का? आणि तळव्यात भराव घातल्यावर ग्रिप जाड होईल, ते नियमात चालतं का? घामाचं काय करायचं तेही सांगा.

---

इक्विपमेंट_कंट्रोल_ठाणे:

नियमांपुरतं मी सांगतो, स्पर्धांमध्ये तपासणीच्या टेबलावर बसतो.

पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत ग्रिपसकट मावलं पाहिजे. भराव घालणारे अडकतात ते त्या ५०मध्ये. लांबी-उंचीला कोणी अडत नाही, जाडीला अडतात. पाम शेल्फ बाहेर आलेली असते आणि दुसऱ्या बाजूला तळव्याचा फुगवटा, दोन्ही मिळून पेटीत बसत नाही. भराव घालण्याआधीच ग्रिपच्या सर्वांत जाड जागी कॅलिपर लावा आणि किती मोकळीक आहे ते लिहून ठेवा. तुमच्या हातात रुपयाएवढीच पोकळी आहे, त्यामुळे बहुतेक अडचण येणार नाही, पण मोजा.

पाम शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही. शेल्फ कडेला वर वळून हाताला कवटाळत असेल तर बाद. अंगठ्याचा टेकू वर वळवलेला किंवा समोरची बाजू खाली वळवलेली, तेही बाद. ग्रिपचा कुठलाही भाग हाताभोवती वेढा घालणारा नको आणि मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. त्या हातात घड्याळ, रिस्टबँड, आधाराची पट्टी नको. अंगठ्याखाली दुखतं म्हणून क्रेप बँडेज बांधून येणारे असतात, त्यांना परत पाठवावं लागतं.

ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅम वजन लागलं पाहिजे. नळी उभी धरून वजन उचलून बघतो. पातं मागे-पुढे केलंत म्हणजे वजन पुन्हा तपासा, जागा बदलली की आकडा थोडा हलू शकतो. अगदी ५००वर ठेवू नका, थोडं वर ठेवा. स्पर्धेनंतरही तपासणी होते आणि तेव्हा कमी भरलं तर थेट बाद करतात. पिस्तुलाचं एकूण वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, त्याची तुम्हाला काळजी नाही.

ग्रिप स्पर्धेच्या आधी निदान सरावाच्या काही फेऱ्या खेळलेली असावी. आदल्या रात्री घासलेली ग्रिप घेऊन आलेली मुलं मी बघतो, त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

---

कोपरखैरणे_ते_ऑस्टिन:

धागा वाचून राहवलं नाही. मुलगा टेक्सासला असतो, माझं सहा महिने तिकडे, सहा महिने इथे. त्याला काउबॉय ॲक्शन शूटिंगचा नाद आहे. दोन सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वर, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन, जुन्या काळचे कपडे आणि प्रत्येकाचं एक टोपणनाव. तिथेही रात्रंदिवस याच गप्पा, मूठ हाताला बसते का.

सिंगल-ॲक्शन म्हणजे दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, ट्रिगरचं काम फक्त तो सोडण्याचं. कोल्टचं १८७३चं मॉडेल त्यातलं मूळ. त्याची मूठ त्याहून जुनी, १८५१च्या नेव्ही मॉडेलवरून घेतलेली. बाक असलेली, खाली रुंदावणारी. गंमत अशी की काका सांगतात त्याच्या नेमकं उलट तिथे हवं असतं. गोळी सुटली की ती मूठ तळव्यात वर गरगरते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. म्हणून कित्येक जण गुळगुळीत लाकडाच्या पट्ट्या पसंत करतात, चेकरिंग (बारीक चौकड्यांच्या खाचा) केलेल्या नकोत म्हणतात. जोरदार काडतुसं वापरणाऱ्यांना मात्र हे गरगरणं नको असतं. त्यांच्यासाठी बिस्ली पद्धतीची मूठ, जास्त उभी, मागून वर चढलेली. कोल्टने ती १८९४मध्ये टार्गेटवाल्यांसाठी काढली, नाव इंग्लंडच्या बिस्ली रेंजवरून. आज अमेरिकेची रुगर कंपनी तशीच मूठ मोठ्या काडतुसांसाठी देते, पण तिचा आकार कोल्टपेक्षा वेगळा आहे.

माझा हातही लहान. मुलाचं रुगरचं जुनं व्हॅकेरो रिव्हॉल्वर माझ्या हाताला ढब्बं लागायचं, घोडा ओढताना पकड सुटायची. २००५पासून रुगर न्यू व्हॅकेरो करतं, त्याची फ्रेम लहान, जुन्या कोल्टच्या जवळ जाणारी. त्यावर पातळ पट्ट्या लावल्या, करंगळी मुठीच्या खाली दुमडली, आणि अंगठा घोड्यापर्यंत सहज पोचायला लागला. नळी ४ ५/८ इंची घेतली. साडेसात इंची नळी दिसायला रुबाबदार, पण समोर लोंबते आणि म्हाताऱ्या मनगटाला जाणवते. घोड्याची टाचही महत्त्वाची, रुगरच्याच सुपर ब्लॅकहॉकची खाली उतरलेली आणि रुंद असते, लहान हाताला ती बरी पडते.

एक सावधगिरी तिथल्या सगळ्यांना पाठ आहे. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये सहा घरं असली तरी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवायचा. रुगरने १९७३मध्ये ट्रान्सफर बार आणला, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी, त्यामुळे त्यांच्या नंतरच्या रिव्हॉल्वरमध्ये यांत्रिक धोका मिटला. स्पर्धेत मात्र सगळ्यांना पाचच.

इथे कोणी हे वाचून घरच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरला कानस लावू नये. ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तुमच्या लाकडावर काम करणं तुमच्या मर्जीचं. परवान्याच्या शस्त्राच्या यंत्रणेचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच.

---

पॅटर्नमेकर_वागळे:

ऑस्टिनवाले साहेब, फार आवडलं. मूठ मुद्दाम फिरू द्यायची हे मला नवीन. म्हणजे आकार ठरवतं ते हत्याराचं काम. एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा हवेच्या जोरावर जातो. आमच्या मुठीने धक्का सोसायचा नसतो, तिचं काम साठ वेळा हात एकाच जागी आणून ठेवणं. टार्गेटवरचा आतला दहाचा गोल ५ मिलिमीटरचा, अख्खा दहा ११.५चा. तळव्यात एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की मनगट निराळं बसतं आणि तेवढ्याने दहा जातो.

ताई, तुमचे प्रश्न. बेचक्यातलं लाकूड काढल्यावर हात पुढे जाईल आणि थोडा वरही. हात वर गेलेला चांगला, नळीच्या जितका जवळ तितकं पिस्तूल शांत. त्यानंतर शेल्फ वर घ्यावी लागेलच, पण ती सगळ्यात शेवटी. आधी बेचकं, मग अंगठ्याचं बूड, मग तळव्यातला भराव, मग शेल्फ, आणि कोन त्याच्याही नंतर. क्रम बदललात तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते. अर्धं पेर अजून कमी आहे म्हणता, ते बेचक्यातून मिळेल. एका बैठकीत सगळं काढू नका. थोडं काढा, दोन-तीन सराव खेळा, पुन्हा खडू.

कंट्रोलवाल्या साहेबांचं ५० मिलिमीटरचं बोलणं सोन्यासारखं आहे. माझ्या बाकावर कॅलिपर असतोच, पण मी जिल्ह्याच्या मुलांसाठी तेवढ्याच आतल्या मापाची प्लायवूडची पेटी करून ठेवली आहे. पिस्तूल आत गेलं की गेलं.

घामासाठी वार्निश, पॉलिश, लॅकर काहीही नको. ते घामात बुळबुळीत होतं. तुमच्या ग्रिपवर पकड निसटू नये म्हणून बारीक ठोके मारलेले असतील, आपण घासू तिथे ते जातील. तिथे नवे मारायचे. पंचचं टोक गोलसर करून, हलक्या हातोडीने, जवळजवळ, रांगेत नाही. टोक अणकुचीदार ठेवलं तर तळव्याला टोचतं, आणि लहान हाताची कातडी बहुधा नाजूक असते. भरावावरही एम-सील पूर्ण वाळल्यावर तसेच ठोके मारता येतात, हाताला फरक जाणवत नाही. उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पुसून घ्या, आणि पूर्ण वाळेपर्यंत पिस्तूल धरू नका. दोन शॉटच्या मध्ये सुती फडकं. काही जण हाताला खडूची पूड लावतात. मला ते पटत नाही, घामाबरोबर तिचा लगदा होऊन ठोक्यांत बसतो.

---

ऐरोली_सेक्टर८:

कॅलिपर लावला. सर्वांत जाड जागा ४६.५ भरते, म्हणजे भरावाला जागा आहे. ट्रिगर क्लबमध्ये वजन लावून बघितला, ५१० ग्रॅमचं वजन उचललं.

काका, बेचक्याचं काम मला स्वतः करायला भीती वाटते, विशेषतः आतली पोकळी कुठवर आहे ते नीट दिसत नाही. क्ले आणि एम-सीलचं मी करीन. तुमच्या बाकावर वेळ मिळेल का? ठाण्याला यायला मला ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची आहे, सराव संपवून तशीच निघू शकते.

---

पॅटर्नमेकर_वागळे:

या की. सराव संपवून या, हात धुऊ नका. सिलिंडर काढून वेगळा ठेवा, पिस्तूल रिकामं आणि केसमध्ये, खरेदीची पावती सोबत. ॲलन कीचा तुमचा संच आणा, माझ्याकडचा एखादा नंबर कमी पडतो. साचा येण्याआधी घरीच काढून ठेवलात तर बरं, प्लास्टर वाळायला वेळ लागतो आणि तोवर मला कानस लावता येणार नाही. बेचक्याचं माझ्यासमोर तुम्हीच घासा, मी फक्त थांबा कधी ते सांगेन. हात तुमचा आहे, कुठे चावतंय ते तुम्हालाच आधी कळणार.